बांबू भरेपर्यंत

घाई ह्या गोष्टीशी आमच्या भाऊजींची उभ्या आयुष्यात कधी ओळख झाली नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सावकाश माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आमच्या माहेरी तर त्यांचा सुकाळ होता. पण भाऊजींच्या शेजारी ती सगळी रेसची घोडी वाटावीत. त्यांना फोन केला की आधी रिसीव्हर उचलल्याचा आवाज येई, मग घसा साफ केल्याचा, मग खुर्ची ओढल्याचा, आणि आता ठेवूनच द्यावा असा आपला विचार पक्का होत आला की पलीकडून ‘हॅलो’ येई. ते चहा करायला उठले की पाहुण्याने मनाची तयारी ठेवावी. पातेल्यापाशी हात मागे बांधून उभे राहत आणि आधणाला एकेक बुडबुडा फुटताना बघत. “गॅस मोठा करा ना भाऊजी,” म्हटलं की म्हणत, “कशाला? त्याला येऊ दे की त्याच्या वेळेने.” इंग्लंडातल्या एम-थ्री मोटरवेवर त्यांची गाडी डाव्या लेनमधून अशी जाई की मागचे लॉरीवालेसुद्धा आधी चिडत, मग हताश होत आणि शेवटी ओलांडून जाताना ह्या माणसाला काही झालंबिलं तर नाही ना म्हणून आत डोकावून बघत. भाऊजी त्यांना हात करत.

धंद्याने ते भूलतज्ज्ञ, आणि ह्याहून योग्य धंदा त्यांना शोधूनही सापडला नसता. थिएटरमध्ये सर्जन हात धुऊन, ग्लोव्ह्ज चढवून उभा, आणि भाऊजी पेशंटच्या उशाशी स्टूल ओढून त्याच्या कुत्र्याची चौकशी करत बसलेले. कुत्र्याचं नाव काय, तो जेवतो काय, आता घरी कोण बघतंय त्याच्याकडे. एकदा एक सर्जन वैतागून म्हणाला होता म्हणे, “डॉक्टर, औषध राहू द्या, तुमच्या बोलण्यानेच झोपेल हा.” भाऊजींनी ती स्तुती समजून घरी येऊन सगळ्यांना सांगितली. पण ऑपरेशन झाल्यावर बाकीचे निघून गेले तरी हे पेशंटजवळच. मी एकदा विचारलं, एवढं थांबायची गरज असते का हो? तर म्हणाले, “माणसाला झोपवणं सोपं असतं गं. तो परत येईपर्यंत बसायला लागतं.”

अशा माणसाशी देवाने माझ्या ताईची गाठ घातली, ह्याला त्याची थट्टाच म्हणायचं. ताई मिडवाइफ होती, आणि माझी खात्री आहे की बेसिंगस्टोकमधली निम्मी बाळं तिच्या धाकाने वेळेआधी आली असतील. ती जिना उतरत नसे, जिन्यावरून सांडत असे. कुकर नळाखाली धरून उघडायची. बोलायला लागली की वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्या खोलीत. बसस्टॉपवर उभी राहणं तर तिच्या जिवावर यायचं. बस दिसत नाही म्हटल्यावर ती चालत पुढच्या स्टॉपवर जायची, तिथेही नसली तर त्याच्या पुढच्या, आणि बहुतेक वेळा मधल्या रस्त्यात असताना बस तिच्या नाकासमोरून निघून जायची. “अहो, उरका!” हा आमच्या ताईच्या संसाराचा मंत्र होता. भाऊजी त्यावर “हो हो” म्हणत आणि दुसऱ्या पायातला मोजा घालायला सुरुवात करत.

तर झालं असं, की एकोणीसशे ऐंशीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भाऊजी कसल्याशा कॉन्फरन्सला जपानला, क्योतोला गेले आणि ताईला बरोबर घेऊन गेले. तिथे एका दुपारी लेक्चर बुडवून हे एका देवळाच्या बागेत जाऊन बसले. ताईची खरेदी राहिली होती; ती त्यांना ओढून न्यायला आली. त्या बागेत पाण्याच्या काठाला एक जाड बांबू आडवा टांगलेला होता, मुलांच्या सी-सॉच्या फळीसारखा, मधोमध खुंटीवर. त्याच्या उघड्या तोंडात वरच्या पन्हळीतून बारीक धार पडत होती. पाणी भरत आलं की बांबूचं तोंड झुकायचं, सगळं पाणी ओतून द्यायचं, आणि हलका झालेला बांबू मागे येऊन त्याची शेपटी दगडावर आपटायची: टक्क! मग पुन्हा भरणं सुरू. शेतात घुसणारी हरणं आणि डुकरं पळवून लावायला जपानी शेतकऱ्यांनी काढलेली ही युक्ती, पुढे ती बागेत आली. ताई भाऊजींना झापायला तोंड उघडून उभी होती, तेवढ्यात तो बांबू झुकला आणि टक्क वाजला. “अय्या, पडलं!” ताई म्हणाली आणि खुदकन हसली. आणि मग ती भाऊजींच्या शेजारी बसली. पुढचं पडेपर्यंत बसली. तोंडातून अक्षर न काढता.

हा प्रसंग भाऊजींनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला, आणि सांगायला दर वेळी इतका वेळ लावला, की क्योतोला एवढं बसणं झालं नसेल. “गप्प बसली होती गं तुझी बहीण,” ते मला परत परत सांगत, “माझ्या शेजारी. पूर्ण भरेपर्यंत.” लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेला माणूस असं कौतुकाने सांगतो म्हणजे काय म्हणावं! ताई आतून ओरडायची, “पुरे करा आता, जेवायला वाढलंय!”

घरी आल्यावर त्यांनी हे यंत्र परसबागेत उभं करायचा घाट घातला. गार्डन सेंटरमध्ये बांबू मागितला तर तिथल्या मुलीने शेंगांच्या वेलाला लावायच्या काठ्यांची जुडी पुढे केली. भाऊजी मूळचे संगमेश्वरकडचे, जाड बांबूच्या मुलखातले. त्यांनी एक काठी उचलली, करंगळीशेजारी धरून पाहिली आणि हळहळत खाली ठेवली. पुढे कुणीतरी सांगितलं, की परदेशातून येणारे गालिचे कधीकधी जाड बांबूवर गुंडाळलेले असतात. झालं, भाऊजी कार्पेटच्या दुकानांतून हिंडू लागले. दुकानदार गालिचा उलगडून नक्षी दाखवतोय आणि हे वाकून त्याच्या भोकातून आत बघतायत! गालिचा नको, आतलं लाकूड हवंय, हे कळल्यावर एका दुकानदाराने कपाळाला हात लावला. पण तो माणूस भला होता, पुढे बांबू आला की तो आपणहून बाजूला ठेवी आणि फोन करी.

मग सगळा उन्हाळा त्या बांबूच्या मागे गेला. आधी तो झुकेचना. झुकला तर परत येईना. परत आला तर आवाज कुजका यायचा, की भाऊजी दगड बदलायचे. “एवढ्या वेळात,” ताई मला म्हणाली, “एखादीचं दिवस राहण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं उरकलं असतं मी.” शेवटी एकदाचा तो मनासारखा वाजला. भाऊजींनी दोन खुर्च्या मांडून ताईला हाक मारली. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान बाहेर काढून एक टक्क ऐकलं, “छान झालंय हं!” म्हणाली आणि कणीक मळायला लागली. तिला ड्यूटीवर जायचं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस भाऊजी त्या दोन खुर्च्यांपैकी एकीत एकटेच बसायचे. ताईला दोष कसा देऊ? आम्ही बहिणी सगळ्या तशाच. मीही ब्रॅकनेलहून रविवारी जायची ती गाडीची किल्ली हातात घेऊनच बसायची.

एकदा ताईकडे हळदीकुंकू होतं. बायका बाग बघायला मागे गेल्या. बांबूची पन्हळ, थेंब थेंब पाणी, खाली गुळगुळीत काळा दगड. आमच्यातल्या एका वयस्क काकूंनी पदर डोक्यावर घेतला, दगडाला हळदीकुंकू वाहिलं, वर एक फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात टक्क! “अगंबाई!” काकू दोन पावलं मागे सरल्या. “अहो डॉक्टर, देवाच्या डोक्यात हाणताय काय!” भाऊजी शांतपणे म्हणाले, “तो रागवत नाही हो. त्याला सवय आहे.” दगडावरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही, पावसाने जाईल तेव्हा जाईल म्हणाले.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा ताई विसरू लागली. आधी कुकर, मग रस्ते, मग आमची नावं. तिला नोकरी सोडावी लागली आणि मागोमाग भाऊजींनीही सोडली. नावं गेली, पण घाई मात्र गेली नाही. तेवढी जायची ती राहिली! दिवसातून कितीदातरी ताई पर्स काखोटीला मारून दाराकडे निघायची. “ड्यूटी आहे, वाट बघत असेल बिचारी,” म्हणायची. अडवलं तर हात झटकायची, ओरडायची, कधी कधी मारायची. केंब्रिजला रिसर्च करणारा माझा भाचा सुट्टीत यायचा आणि हे बघून हादरून जायचा. “मावशी, तू सांग ना बाबाला,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला. “माझा ऐकत नाही तो. आईचा सेफ्टी इम्पॉर्टंट आहे ना? सोशल वर्कर पण तेच म्हणते, शी नीड्स अ होम.” होम म्हणजे अशा माणसांना सांभाळणारी संस्था. पोरगं वाईट नव्हतं. बापाचे उतरलेले डोळे त्याला बघवत नव्हते.

एका दुपारी ताईला गेटपासून परत आणताना भाऊजींनी सहज तिला बागेतल्या खुर्चीवर टेकवलं. बांबू भरत होता. पर्स मांडीवर घेऊन ताई त्याच्याकडे बघत राहिली. तो झुकला, वाजला. “अय्या, पडलं!” ताई हसली. तेच हसू. मग पुन्हा भरायला लागला आणि ती पुन्हा बघायला लागली, कारण आधीचं पडलेलं ती विसरून गेली होती. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच पडत होतं. त्या दिवशी संध्याकाळी भाऊजींचा फोन आला आणि चमत्कार म्हणजे मी रिसीव्हर उचलताच ते बोलू लागले. “बसली होती गं! चांगली दुपारभर बसली!” हरणं पळवायचं यंत्र भाऊजींनी माणसाला थांबवायच्या कामाला लावलं. ताई बसते तोवर ताई घरी राहील, एवढा सरळ हिशोब होता. मुलाला त्यांनी तसं सांगूनही टाकलं. थंडीत रात्री ते बांबूला तिच्या जुन्या शालीत गुंडाळून घरात आणायचे आणि दिवसा तो परत टांगून ताईला कोटाच्या आत स्वेटरवर स्वेटर घालून बाहेर न्यायचे.

पुढे एकदा मी गेले होते, तर शेजारचे म्हातारे साहेब कुंपणापाशी माझी वाटच बघत होते. एकटे राहायचे. इंग्रजी रिवाजाप्रमाणे आधी हवेबद्दल बोलले, मग गुलाबांबद्दल, मग म्हणाले, “मला तक्रार करायची नाही. पण डॉक्टरांचं ते लाकूड पूर्वी केव्हातरी वाजायचं, मला त्याची सवय झाली होती, बरंही वाटायचं. आता ते दिवसेंदिवस जलद होत चाललंय. सारखं कुणीतरी माझं दार ठोठावतंय असं वाटतं आणि मी उठतो.”

मला काही उलगडा होईना. मी भाऊजींना शोधत मागच्या शेडमध्ये गेले. ते करवतीने एक बारीक बांबू कापत होते आणि दारातून एक डोळा खुर्चीतल्या ताईवर होता. शेडच्या भिंतीला बांबू उभे करून ठेवलेले होते, फोटोसाठी उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या भावंडांसारखे. पहिला मांडीएवढा जाड आणि लांबलचक, मग त्याहून लहान, मग त्याहून. “हे काय भाऊजी?”

“मोठा भरायला वेळ घेतो,” ते म्हणाले. “तेवढं तिला थांबवत नाही आता. पडायच्या आत उठली की संपलं, मग गेट. म्हणून लहान पेर घेतो. लवकर भरतं.”

“मग धारच मोठी करा ना! बांबू कशाला बदलत बसता?”

“करून बघितली. धार मोठी झाली की ती धारेकडेच जाते. हात घालते, भिजते, मग थंडीने रडते.” त्यांनी करवतीचा भुसा फुंकला. “आधी मोठ्याला बसायची. माझा चहा होईपर्यंत. नंतर मधल्याला. आता हा बघू.”

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. करवत भराभरा चालत होती. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी घाई करत होते, आणि ते बघून मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. “रडतेस काय मेहुणीबाई,” ते म्हणाले, “जरा ते टोक धर.” साहेबांना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यानंतर त्यांनी आवाजाचं नावही काढलं नाही.

बांबू लहान होत गेले. शेवटचा वाटीएवढा होता. धार लागली न लागली तोच झुकायचा आणि एखाद्याने जिभेने टाळूवर टिचकी मारावी एवढाच वाजायचा. ताई कधी बघायची, कधी नाही. त्या शरद ऋतूत भाऊजी शेडमध्ये त्याच्याहूनही लहान काही जमतं का बघत होते, आणि ताई गेटातून बाहेर पडली. पोलीस, शेजारी, सगळे शोधायला निघाले. भाऊजी मात्र सरळ बसच्या रस्त्याला लागले. पहिल्या स्टॉपवर ती नव्हती. ते पुढच्या स्टॉपवर गेले, मग त्याच्या पुढच्या. मधल्या रस्त्यात त्यांना ती दिसली, सपाता घातलेली, पर्स काखेत, बस येत नाही म्हणून पुढे चाललेली. भाऊजी धावले. तिला गाठेपर्यंत त्यांची छाती फुटायची वेळ आली. आमच्या भाऊजींना धावताना कुणी पाहिलं असेल, तर फक्त त्या रस्त्याने.

मी पोचले तेव्हा ते शेडमध्ये बसले होते. हातात सुपारीएवढा बांबूचा तुकडा होता. “ह्याहून लहान केला तर तो पडतच नाही गं,” ते म्हणाले. “पाणी नुसतं वाहून जातं.” मग त्यांनी स्वतःच मुलाला फोन करून सांगितलं की होम बघ.

होम चांगलं होतं. भाऊजी सकाळी तिथे जायचे आणि जेवणं उरकल्यावर तिथल्या मुलींनी कोट हातात दिला की परतायचे. ताई बहुतेक झोपलेली असायची. “तुम्ही घरी जाऊन थोडे पडा ना,” मी म्हणायची. ते मान हलवायचे आणि स्टूल अजून थोडं उशाजवळ ओढायचे. मला त्यांचं ते जुनं वाक्य आठवायचं: तो परत येईपर्यंत बसायला लागतं. ताई परत आली नाही. हिवाळा संपता संपता, झोपेतच गेली.

त्यानंतरच्या वसंतात एका रविवारी मी ताईचे कपडे आवरायला गेले. बाग मुकी असेल असं मी धरून चालले होते. मागचं दार उघडलं तर पन्हळीतून धार पडत होती, आणि खुंटीवर तो पहिला, सर्वांत मोठा, क्योतोहून आल्यावर सगळा उन्हाळा खाल्लेला बांबू टांगलेला होता. समोर दोन खुर्च्या. एकीत भाऊजी. मी उभीच राहिलेली बघून ते म्हणाले, “बस की. बस तिथे. रिकामी ठेवून काय करायचीय.”

मी ताईच्या खुर्चीत बसले. गाडीची किल्ली हातात होती, ती पर्समध्ये टाकली. बांबू भरत होता, पण कळणार नाही इतक्या हळू. “हा एवढाच मी मापाने केला होता,” भाऊजी म्हणाले. “तिथे ती जेवढा वेळ बसली होती ना, त्या अंदाजाने. बाकीचे सगळे नुसती ओढाताण.” कुंपणापलीकडे साहेब गुलाब छाटायचे थांबले होते. माझ्या मनात कपड्यांच्या पिशव्या होत्या, संध्याकाळचा ट्रॅफिक होता, सोमवारचं ऑफिस होतं, आणि हळूहळू त्यातलं काहीच राहिलं नाही. बांबूचं तोंड जड झालं, थरथरलं, झुकलं. पाणी सांडलं. टक्क!

मी बांबूकडे बघत होते. वळून पाहिलं तेव्हा कळलं, की भाऊजी बांबूकडे बघतच नव्हते. बहुधा कधीच बघत नसावेत. ते हसायच्या तयारीत, ह्या खुर्चीकडे वळले होते, आणि खुर्चीत मी होते. आम्ही बहिणी दिसायला सारख्या. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. ते मागे घ्यायलाही त्यांना वेळ लागला. ताई म्हणायची ते ‘अय्या, पडलं’ मी तोंडाशी आणलं आणि तसंच परत ठेवून दिलं.

धार पुन्हा बांबूच्या तोंडात पडू लागली होती. बऱ्याच वेळाने, त्यांच्या नेहमीच्या सावकाशीने, भाऊजीच हळूच म्हणाले, “पडलं.”